माका खंयच्या कंसात घातलंस?

गणपतीचा दुसरा दिवस, रात्रीचे साडेदहा. भजनाचं मंडळ आमच्याकडची उसळ-पाव खाऊन पुढच्या घरी गेलं होतं आणि पोरं ओटीवरच आडवीतिडवी झोपली होती. माटवीतली कवंडळं आणि सुपारीचे शिपटे वाऱ्यावर हलत होते, तेरडा मलूल झाला होता. कापूर, अगरबत्ती आणि न वाळलेले कपडे यांचा मिळून जो एक वास या दिवसांत घरात मुरलेला असतो, तो होता. भरती असावी, कुणकेश्वराच्या अंगाने गाज येत होती. मी खांबाला टेकून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. बायआत्या मागे कधी येऊन उभी राहिली ते कळलंच नाही. तिची शाळा चौथीपर्यंतची, पण समोर येईल ते वाचायची जुनी खोड: सामान बांधून आलेला पेपर, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, लग्नपत्रिकेवरची ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’पासून शेवटच्या किलबिलीपर्यंत सगळी नावं. स्क्रीनवर देवनागरी दिसली म्हणून तिने चष्मा पुसला आणि वाचायला लागली.

“इतके कंस?” ती म्हणाली. “किस्नाक एकच पुरो झालो हुतो.”

मी हसलो. ती वाचत राहिली. आपल्या आजोबांचं नाव, बापाचं, दोन्ही भावांचं, माझं, पार दादाच्या अडीच वर्षांच्या पोराचं. यादी संपली तशी ती जरा थांबली. मग विचारलं, “आणि माका खंयच्या कंसात घातलंस?”

मी मान वर न करता म्हटलं, “तुझी फक्त सही लागतली, आत्या.”

“बरां,” म्हणाली आणि आत गेली.

झालं एवढंच. भांडण नाही, रडारड नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला नेहमीसारखी आंबोळी वाढली, काळ्या वाटाण्याचं सांबारं जास्तच वाढलं. पण पुण्याला परतताना गगनबावड्याच्या घाटात गाडी धुक्यात शिरली आणि ते वाक्य आठवलं. तिचं नव्हे, माझं.

स्क्रीनवर काय होतं ते सांगायला हवं. आमच्या सड्यावरच्या जमिनीला गिऱ्हाईक आलं होतं. कातळच तो, पावसाळ्यात चार महिने गवत आणि एरवी पाय भाजतील असा तापलेला. पण गिऱ्हाईक आलं म्हटल्यावर सगळ्यांना तिचा लळा लागला. सातबाऱ्यावर नावांची ही रांग, निम्मी माणसं गेलेली, वारसनोंदी अर्धवट. दादाने पुढाकार घेतला आणि म्हणाला, “घरात कॉम्प्युटरवाला तू, वाट्यांचा तक्ता तू कर.” पहिला तक्ता मी एक्सेलमध्ये केला. पणजोबांना तीन मुलगे, म्हणजे प्रत्येक शाखेला ३३.३३. बेरीज आली ९९.९९. मी तसाच ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत मुंबईवाल्यांचा मेसेज: “उरलेला ०.०१ कोणाच्या घशात?” पुढे हसणाऱ्या तोंडांची चित्रं होती, पण फणसाच्या एका फांदीवरून दोन पिढ्या न बोलणारी घरं ज्यांनी पाहिली आहेत, ते अशी चित्रं बघून निश्चिंत होत नाहीत. म्हणून मी लिस्प या संगणकाच्या भाषेकडे गेलो.

लिस्पची आणि माझी पहिली भेट इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला झाली होती आणि ती भेट म्हणण्यासारखी नव्हती. एका विषयात दोन प्रकरणांपुरती ती भाषा होती, झेरॉक्सच्या नोट्स होत्या आणि परीक्षेला दहा मार्कांचा एक प्रश्न ठरलेला होता. कंस मोजता मोजता डोकं उठायचं. पास झालो, विसरलो, पुण्यात जावा या दुसऱ्या भाषेत प्रोग्राम लिहून पोट भरू लागलो. ती पुन्हा भेटली २०२० मध्ये, लॉकडाऊनला गावी अडकलो तेव्हा. घरात रेंज नाही. ऑफिसच्या मीटिंगसाठी छत्री आणि स्टूल घेऊन सड्यावर जायचो आणि खाली आलं की जगाशी संबंध तुटायचा. लॅपटॉपवर इमॅक्स हे प्रोग्राम लिहायचं साधन होतं आणि एसबीसीएल हे कॉमन लिस्पचं, म्हणजे लिस्पच्या एका प्रमाण बोलीचं, एक फुकटचं, तालेवार रूप कधीतरी उतरवून ठेवलेलं होतं. पाऊस, लाईट गेलेली, बॅटरी चाळीस टक्के. वेळ घालवायला म्हणून उघडलं.

शाळेत गुरुजींनी आम्हाला ‘कंचेभागुबेव’ घोकून घेतलं होतं. आधी कंस सोडवा, मग ‘चे’, मग भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. चुकलं की पट्टी. लिस्पमध्ये या मंत्राचं कामच नाही. दोन आणि तीनची बेरीज (+ २ ३) अशी लिहायची. काय करायचं ते आधी, कशाचं करायचं ते मागून, आणि सगळं कंसात. कोण आधी कोण मागून हा वादच नाही, कारण प्रत्येक गोष्ट आपापल्या कंसात बसलेली असते. सुरुवातीला हे उलटं वाटतं, आपण मराठी माणसं क्रियापद शेवटी ठेवणारी. पण घरातली बाई कामं सांगते कशी? “आण दोन नारळ.” “काढ पाणी.” तसं ते ऐकायला लागलं की कानाला बरं वाटतं. गंमत म्हणजे तिथे नावं देवनागरीत दिली तरी चालतात. कॉमन लिस्प इंग्रजी नावं वाचताना मुळात सगळी मोठ्या लिपीत करून घेतं. आपल्याकडे धाकटी लिपी नाही, थोरली नाही, त्यामुळे ती भानगडच नाही.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे बोलणं. जावात अख्खा प्रोग्राम लिहायचा, मग तो चालवायचा, मग वाट बघायची. लिस्पसमोर बसलं की एक ओळ सांगायची, ते वाचतं, करतं, उत्तर देतं आणि पुन्हा कान देऊन बसतं. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात तसं. गावकार एकेक मागणं देवापुढे मांडतो आणि दर मागण्याला मागून सगळे म्हणतात, “व्हय महाराजा!” फरक इतकाच की लिस्प दर वेळी व्हय म्हणत नाही. एकदा मी यादी लिहिताना सुरुवातीचं एकेरी अवतरणचिन्ह विसरलो. ते चिन्ह म्हणजे यंत्राला सांगणं, की हे काम नव्हे, हे नुसतं नाव आहे, धरून ठेव. ते नाही म्हटल्यावर कंसातला पहिला शब्द त्याने काम समजून करायला घेतला आणि मला कळवलं की ‘पणजोबा’ नावाचं काम, म्हणजे फंक्शन, अस्तित्वात नाही. पण तिथे ते मान टाकत नाही. थांबतं आणि पर्याय पुढे करतं: पुन्हा करून बघू? दुसरं काही वापरू? की सोडून देऊ? वाटपाच्या बैठकीत एवढा समंजसपणा मी पाहिलेला नाही.

ही भाषा १९५८ ची. फोरट्रान तिच्याहून वर्षभराने थोरली. आजही वापरात असलेल्या भाषांमध्ये या दोघीच इतक्या जुन्या. तिचे जनक जॉन मॅकार्थी तेव्हा अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत होते. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव रुजवणारे तेच. त्यांना आकडेमोडीपेक्षा चिन्हांशी, नावांशी, यादीतल्या यादीशी खेळायचं होतं. १९६० मध्ये त्यांचा निबंध छापून आला. त्यात लिस्पमधलं कुठलंही वाक्य घेऊन त्याचा अर्थ लावणारं एक फंक्शन त्यांनी लिस्पमध्येच लिहून दाखवलं होतं, कागदावर, सिद्धान्त म्हणून. त्यांच्याकडे काम करणारा स्टीव्ह रसेल म्हणाला, हे मी यंत्रात उतरवतो. मॅकार्थी म्हणाले, तू सिद्धान्त आणि व्यवहार यांची गल्लत करतो आहेस. रसेलने ऐकलं नाही. आयबीएम ७०४ या यंत्रावर त्याने ते उतरवलं आणि लिस्प बोलायला लागली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण आमच्याकडे नेहमी उलटं होतं. मोजणीचा नकाशा कागदावर बिनचूक असतो आणि जागेवर गेलं की गडगा चार हात सरकलेला.

कंसांचंही तसंच. मॅकार्थींच्या मनात हे कंस कायमचे नव्हतेच. माणसांसाठी वेगळी, नेहमीच्या गणितासारखी दिसणारी लिपी येणार होती. ती काही आली नाही आणि तोवर लोकांना कंसांची सवय झाली. तौक्ते वादळात, २०२१ च्या मे महिन्यात, आमच्या पडवीचे नळे उडाले तेव्हा काकांनी तात्पुरता म्हणून पत्रा टाकला. तो अजून आहे. आता पाऊस पडला की पत्र्याचा आवाज झाल्याशिवाय पाऊस आल्यासारखं वाटत नाही.

लिस्पमध्ये यादीचं डोकं काढायला ‘कार’ आणि उरलेली शेपटी घ्यायला ‘कुडर’ म्हणतात. अर्थ विचाराल तर त्याच ७०४ यंत्राच्या स्मृतीतल्या एका घरातल्या दोन कप्प्यांची ती आद्याक्षरं: एक पत्त्याचा (ॲड्रेस) कप्पा, एक घटीचा (डिक्रिमेंट). ते यंत्र केव्हाच भंगारात गेलं, नावं राहिली. कॉमन लिस्पचं अधिकृत प्रमाण १९९४ मध्ये ठरलं, तेव्हाही ती नावं कोणी काढली नाहीत. याचं नवल पुण्याच्या मित्रांना वाटतं, मला वाटत नाही. आमच्या घरात माजघराच्या मागे ‘बाळंतिणीची खोली’ आहे. तिथे शेवटची बाळंतीण झोपली ती माझी आई, माझ्या वेळी. आता तिथे इन्व्हर्टर आहे, भाताच्या कणगीवर रचलेल्या गाद्या आहेत आणि बायआत्याची खाट. तरी “चार्जर खंय आसा?” विचारलं की उत्तर येतं, “बाळंतिणीच्या खोलयेत.”

तर वाटा. आजोबांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर शाईने काढलेली वंशावळ बाबांच्या ट्रंकेत होती. तिचा मी फोटो काढला आणि ती जशीच्या तशी लिस्पमध्ये उतरवली. खरी नावं इथे देत नाही, नात्यांनी लिहितो आणि फांद्याही थोड्या छाटतो:

(पणजोबा
  (थोरले-आजोबा (दादांचे-बाबा (दादा)))
  (आजोबा (बाबा (मी)) (काका (चुलतभाऊ)))
  (धाकटे-आजोबा (मुंबईवाले)))

बघा, यात लिहिण्यासारखं काही उरतच नाही. कंस म्हणजेच घराणं. ज्याच्या कंसात जो, त्याचा तो. वाटा काढायचं फंक्शन सहा ओळींचं झालं: माणूस हयात असेल तर वाटा त्याच्याजवळ थांबव, नसेल तर मुलं मोज, तितके भाग कर, आणि प्रत्येक मुलाकडे जाऊन हेच पुन्हा विचार. फंक्शन स्वतःलाच हाक मारतं, एकेक पिढी उतरत जातं, आणि हयात माणूस भेटला की परत फिरतं. शिवाय लिस्प एकाला तीनने भागून ०.३३ म्हणत नाही. ते १/३ म्हणतं आणि तसंच जपून ठेवतं. तीन वेळा १/३ मिळवले की पुरता १. मुंबईवाल्यांचा ०.०१ जन्मालाच येत नाही.

आजोबांच्या कागदावर वाटे आणे-पैत होते. सोळा आण्यांचं घर. तिघांत वाटलं की प्रत्येकी पाच आणे चार पै. मी लिस्पचे अपूर्णांक आणे-पैत फिरवून पाहिले तर पैला पै जुळली. बाबा आणि काका प्रत्येकी १/६, म्हणजे दोन आणे आठ पै. आजोबांनी बोटांवर मोजून काढलेला आकडा आणि माझ्या लॅपटॉपचा आकडा एक. मला इतका आनंद झाला की मी तिथेच, गणपतीपुढे, एकटा हसलो. त्याच आनंदात असताना आत्या मागे येऊन उभी होती.

त्या कॅलेंडरच्या पाठीवर बाई एकही नव्हती.

आत्या लग्न होऊन दीड वर्षात परत आली. नवरा तारकर्लीच्या बाजूचा, तापाने गेला. तेव्हापासून ती इथेच. आजीचं दुखणं तिने काढलं, आजोबांचं तिने काढलं, आम्ही मे महिन्यात टोळधाडीसारखे उतरायचो तेव्हा वीस माणसांची भाकरी तिची. कलमांवरचा राखणदार पळून गेला त्या वर्षी रात्री बॅटरी घेऊन बागेत फिरायची तीच. घरात तिला न विचारता पान हलत नाही, असं आम्ही सगळे अभिमानाने सांगतो. आणि दादाने हक्कसोडपत्राचा कच्चा मसुदा आधीच टाइप करून घेतला होता, दोन्ही आत्यांच्या नावाने. धाकटी वेंगुर्ल्याला दिलेली. “त्या काय नाय म्हणतले?” तो म्हणाला होता. मला त्यात वावगं काही दिसलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी त्या वाक्याकडे पाहिलंच नव्हतं. माझं लक्ष अपूर्णांकांत होतं.

लिस्पने जगाला दिलेली एक मोठी गोष्ट म्हणजे केरकचरा काढणं. स्मृती भरत आली की यंत्र मुळाशी जातं, तिथून एकेका दुव्याला धरून जिथवर पोचता येईल तिथवर जातं, पोचलेल्या प्रत्येक गोष्टीवर खूण करतं. ज्याच्याकडे कुठूनच वाट येत नाही ते केर. मॅकार्थींच्या १९६० च्या निबंधातच ही युक्ती आहे. आज फोनमधल्या किती भाषा तिच्यावर चालतात. मी ती शिकलो तेव्हा वाटलं होतं, किती स्वच्छ कल्पना. घाटात, धुक्यात, मी पणजोबांपासून निघालो आणि आमच्या कॅलेंडरच्या रेघा धरून मनातल्या मनात चालत गेलो. पुतण्यांपर्यंत पोचलो. आत्यापर्यंत एकही रेघ गेली नाही.

पुण्यात पोचल्यावर आठवडाभर फाईल उघडली नाही. मग एका रात्री उघडली. मला वाटत होतं, फंक्शन बदलावं लागेल, अटी घालाव्या लागतील, काहीतरी वाद घालावा लागेल. हिंदू वारसा कायदा मी वाचला: १९५६ चा, मग २००५ ची दुरुस्ती, मग सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल, की मुलीचा हक्क जन्माने आहे, २००५ मध्ये बाप हयात असो वा नसो. पण फंक्शनच्या एका अक्षराला हात लावावा लागला नाही. त्याने मुलगे की मुली हे कधी विचारलंच नव्हतं. फक्त यादीत दोन कंस वाढले:

(आजोबा (बाबा (मी)) (काका (चुलतभाऊ)) (बाय) (धाकटी))

एंटर दाबलं. १/६ चे १/१२ झाले. बाबांचा वाटा, म्हणजे पुढेमागे माझा, दोन आणे आठ पैवरून एक आणा चार पै. लपवण्यात अर्थ नाही: पहिल्यांदा मनात आलं ते आत्याबद्दल नव्हतं. मी गिऱ्हाइकाने सांगितलेल्या रकमेला बाराने भागलं. तेही लिस्पमध्येच.

मग सवयीने नवीन नावं तपासून पाहिली. बायची मुलं कोण, असं विचारलं. उत्तर आलं: निल. लिस्पमध्ये रिकाम्या यादीला निल म्हणतात आणि ‘खोटं’ यालाही निलच म्हणतात, एकच शब्द. पुढे स्कीम नावाच्या तिच्या लेकीने या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या, रिकामं वेगळं, असत्य वेगळं. थोरलीने काढल्या नाहीत. मी स्क्रीन बंद करून गच्चीत जाऊन उभा राहिलो.

दोन फाईली करून ठेवल्या, ‘वाटे-१’ आणि ‘वाटे-२’. दादाला कुठलीच पाठवली नाही. त्याचे फोन येत राहिले. मी म्हणायचो, एक बारीक चूक सापडली आहे, बघतो आहे.

दिवाळी झाल्यावर गावी गेलो. भात कापून झालं होतं, अंगणात नवीन शेणाचा सारवलेला वास. दुपारी आत्या बाळंतिणीच्या खोलीत खाटेवर पाय पसरून बसली होती. मी लॅपटॉप नेऊन तिच्या पुढ्यात ठेवला. तिने चष्मा घातला आणि बोटाने, स्क्रीनला तेलाचा डाग पाडत, पहिल्यापासून वाचायला लागली. आजोबा. बाप. भाऊ. भाऊ. बाय. तिथे बोट राहिलं.

“ह्या कोणी लिवल्यान?”

“मी.”

“धाकटेक पण घातलंस.”

“व्हय.”

“किती इलो?”

“एक आणो चार पै.”

तिने मनात काहीतरी हिशोब केला. तोंडावर काही दिसलं नाही. इन्व्हर्टर बारीक आवाजात गुणगुणत होता. मी मनाशी ठरवलेलं बोलायला लागलो, की गणपतीत मी जे म्हटलं ते, सहीचं, ते तसं म्हणायला नको होतं. तिने मला पुरतं बोलू दिलं नाही.

“ता रवांदे. दादाक दाखवलंस?”

“नाय अजून.”

“मगे दाखव. बघूया व्हय म्हणतत काय.”

आणि गुडघ्यावर हात टेकून उठली, रात्रीसाठी वाटाणे भिजत घालायला गेली. मी फाईल फोनवर घेतली. पाठवायची तर सड्यावर जायला हवं होतं. चपला पुढच्या दारी नव्हत्या, मागच्या दारी नव्हत्या. कुठल्याशा पोराने घालून नेल्या असाव्यात. शेवटी आत्याच्याच घातल्या, टाचा बाहेर राहिल्या, आणि गडग्याच्या कडेने चढायला लागलो.